गोव्यातल्या छपाईसाठी झीलाटेक: चिन्हांची कसोटी

एकाच पानावर देवनागरी, रोमी (रोमन लिपीतली) कोंकणी आणि पोर्तुगीज नावं आली की अक्षरजुळणीची खरी परीक्षा होते. फुकट मिळणारी झीलाटेक (XeLaTeX) ही अक्षरजुळणीची संगणकप्रणाली ती उत्तम पेलते, पण टंक (फॉन्ट) नीट निवडला तरच. आयआयटी मुंबईचा शोभिका घ्या. त्यात देवनागरीबरोबर रोमन अक्षरंही आहेत, म्हणून पोर्तुगीजमधले टिल्डवाले स्वर (ã, õ) थेट टाइप करता येतात.

फॉन्टस्पेक (fontspec) या झीलाटेकमध्ये टंक निवडायच्या पॅकेजमध्ये टंक देताना ‘स्क्रिप्ट’ देवनागरी ठेवायलाच हवी. ती राहिली तर जोडाक्षरं फुटतात. ‘फोंड्या’तला ‘ड्या’ पाय मोडलेला ड आणि सुटा या असा छापला जातो. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतला फरक मात्र टंकाचा नाही, टाइप करण्याचा: दुसऱ्यात नुक्त्याचा ऱ लागतो.

सगळ्यांत मोठा घोळ टक्क्याचा. ‘१०% सूट’ लिहिलं की छापून येतं नुसतं ‘१०’. % नंतरची उरलेली ओळ लिहिणाऱ्याचं खासगी टिपण (कॉमेंट) समजून सोडली जाते, तीही मुकाट्याने. % च्या आधी बॅकस्लॅश (\) द्या. & आणि # यांनाही तोच उपाय; ती निदान चूक दाखवून थांबतात.

₹ हे चिन्ह २०१० सालचं, त्याआधीच्या टंकांत नसतंच. तिथे बहुधा रिकामा चौकोन उमटतो आणि तक्रार लॉग फाइलमध्ये (प्रणालीच्या नोंदवहीत) दडते. २०२१ पासूनच्या टेक लाइव्हमध्ये (झीलाटेक ज्यातून मिळते तो संच) ‘ट्रेसिंगलॉस्टचार्स’ (\tracinglostchars) या हरवलेली चिन्हं कळवणाऱ्या सेटिंगला ३ किंमत द्या, म्हणजे काम तिथेच अडेल. पत्रिका छापखान्यात जाण्याआधी हे एवढं कराच.