राजवाड्यामागचा वैदिक-बौद्ध शिक्षणाचा क्लास : १,२०० वसूल, पण चौथ्या रविवारी चिडलो

सहा रविवार, सकाळी ९ ते ११, फी १,२००. नाव बायकोनं घातलेलं, तिला ऐनवेळी माहेरी जावं लागलं म्हणून मी गेलो, नायतर रविवारी सकाळी वेद नि त्रिपिटक ऐकायला उठणाऱ्यातला मी नव्हे.

मला वाटलेलं दोन तास कोण श्रेष्ठ हेच चालणार. सरांनी थेट ॲडमिशनपासनं सुरुवात केली. बाबासाहेबांचं नाव ७ नोव्हेंबर १९०० ला शाळेत घातलं ते इथंच, राजवाड्यावर, तर शाळेत कुणाला घ्यायचं हा प्रश्न साताऱ्यात पुस्तकी नाही म्हणाले. मग वैदिक पद्धत. मुंज झाल्याशिवाय वेद नाही, आणि मुंजीचं वयसुद्धा वर्णाप्रमाणं, ब्राह्मणाचं पोर आठव्या वर्षी, क्षत्रियाचं अकराव्या, वैश्याचं बाराव्या, शूद्राला दार बंद. बौद्ध भिक्षूंच्या संघात वर्ण आडवा येत नाही, बुद्धाचा शिष्य उपाली न्हावी होता नि विनयातला, म्हणजे भिक्षूंच्या नियमांतला, सगळ्यात जाणकार तोच ठरला. पण अटी तिथंही होत्या बरं का, कर्जबाजारी नको, पळून आलेला दास नको, राजाच्या चाकरीतला शिपाई नको, आईबापांची परवानगी पाहिजे, पूर्ण भिक्षू व्हायला वीस वर्षं पूर्ण. आणि श्रामणेर, म्हणजे शिकाऊ भिक्षू, पोरगं अगदी लहान असलं तरी निदान कावळे हाकलता येतील एवढं तरी हवं! यावर मागच्या आजी म्हणाल्या, मग आमचा नातू नापास.

सत्यकाम जाबालाच्या गोष्टीवर तर अर्धा तास गेला. आईलाच गोत्र माहीत नाही, पोरानं गुरूला तसंच सांगितलं, गुरूनं ठेवून घेतलं. मी म्हटलं बघा, सोय होती की. तर एक कॉलेजची मुलगी म्हणाली, काका पुढचं वाचा, गुरू म्हणतो एवढं खरं ब्राह्मणच बोलेल, म्हणजे दार उघडलं आणि लगेच त्यालाच कडी घातली. मला उत्तर सुचलं नाही, अजून सुचलेलं नाही.

तिसऱ्या रविवारी वाईला वेद शिकलेला एक तरुण आणलेला. त्यानं एकच ऋचा आधी सरळ म्हटली, मग जटापाठात, म्हणजे पहिलं-दुसरं पद, लगेच दुसरं-पहिलं, परत पहिलं-दुसरं, असं पुढं पुढं. एक अक्षर घसरलं तरी लगेच सापडतं. डोळे मिटून, बोटांवर काहीतरी मोजत म्हणत होता, हॉलमधला फॅन बंद करायला लागला एवढी शांतता. वेद असा अक्षरासकट जपला आणि बुद्धानं मात्र माझं बोलणं छंदात बांधू नका, आपापल्या भाषेत शिका म्हणून सांगितलं, हा फरक ते ऐकल्यावर कळला, नुसत्या भाषणानं कळला नसता.

आता तक्रार. आत्मा आणि अनात्मा (कायमचा आत्मा असा नाहीच, हे बौद्धांचं म्हणणं) हा सगळ्यात अवघड विषय चौथ्या रविवारी चाळीस मिनिटांत गुंडाळला, का तर हॉल पुढं साखरपुड्याला दिलेला. नोट्सची झेरॉक्स इतकी पुसट की नालंदाचं पान कोरंच वाटत होतं. तिथं दारातच पंडित प्रश्न विचारून पोरांना परत पाठवायचे आणि आत वेदही शिकवायचे, एवढं तोंडी सांगितलं म्हणून कळलं. चहा चांगला.

शेवटचा रविवार कराडला, जखिणवाडीवरनं आगाशिवाच्या लेण्या. गाडीभाडं वेगळं, हे आधी सांगायला पाहिजे होतं. भिक्षूंच्या खोलीतल्या दगडी ओट्यावर बसून सर वर्षावास, म्हणजे भिक्षूंनी पावसाळ्यात एकाच जागी राहायचं, ते सांगत होते, बाहेर पोरं सेल्फी काढत होती, ऐकू निम्मंच आलं.

दिवाळीनंतर नवी बॅच आहे, बायको जाणारे. खाली चटईवर बसवतात, गुडघेवाल्यांनी उशी न्या.