बीपीचं यंत्र घ्यायचंय: दंडाचं, मनगटाचं की चोवीस तासांचं?

डॉक्टर 'घरी बीपी मोजत जा' म्हणाले की पहिला प्रश्न यंत्राचा. आधीच सांगून टाकतो: बहुतेकांनी दंडाला पट्टा बांधायचं ऑटोमॅटिक यंत्र घ्यावं.

मनगटाचं यंत्र आटोपशीर असतं, बाही वर सारायची कटकट नाही. खोट आहे ती हाताच्या उंचीत. मोजताना मनगट हृदयाच्या पातळीवर हवं. ते दहा सेंटीमीटर खाली राहिलं तरी आकडा सात-आठ पॉइंटांनी फुगतो. मांडीवर हात टेकवून मोजलं, तर खरं 128 असताना पडद्यावर 138 दिसायला वेळ लागत नाही, आणि माणूस विनाकारण धसका घेतो. दंड इतका जाड असेल की मोठा पट्टाही नीट बसत नाही, तरच मनगटाकडे वळावं.

दंडाच्या यंत्रातही खरी मेख पट्ट्याच्या मापात आहे. दंडाच्या मधोमध टेप लावून घेर मोजा आणि पट्ट्यावर छापलेल्या मापाशी ताडून पाहा. जाड दंडाला लहान पट्टा बांधला तर बीपी जास्त दिसतं. दुकानात यंत्राच्या पडद्याचं, ब्लूटूथचं कौतुक ऐकवतात. पट्ट्याचं माप आपणच विचारावं लागतं. शिवाय ते मॉडेल अचूकतेच्या चाचणीत उतरलेलं आहे ना, याची खात्री करावी.

आता घर की दवाखाना? दवाखान्यात एकदाच मोजलेल्या बीपीवर माझा फारसा भरवसा नाही. काहींचं बीपी डॉक्टरांसमोर चढतं आणि घरी नॉर्मल येतं. काहींचं नेमकं उलटं असतं, आणि हे दुसरे जास्त धोक्यात, कारण तपासणीत काहीच सापडत नाही. म्हणूनच युरोपीय निकषांत दवाखान्यात 140/90 ही उच्च रक्तदाबाची सीमा, तर घरच्या सरासरीसाठी 135/85. अमेरिकेच्या 2017 च्या निकषांत दोन्हीकडे 130/80 आहे. आपले डॉक्टर कोणती सीमा धरतात, ते विचारून घ्या.

घरी मोजायचं तर पाच मिनिटं शांत बसून, पाठ टेकून, पाय जमिनीवर, मोजताना गप्पा बंद. अर्धा तास आधी चहा-कॉफी, सिगारेट नको. लघवी तुंबवून तर मुळीच बसू नये. सकाळी गोळीआधी आणि संध्याकाळी, मिनिटाच्या अंतराने दोनदा, असं सात दिवस. पहिला दिवस सोडून बाकीची सरासरी डॉक्टरांना दाखवा. आकडे पाहून गोळी परस्पर कमी-जास्त करू नका.

चोवीस तासांचं यंत्र विकत घ्यायचं नसतं, ते डॉक्टर लावून देतात. दिवसा साधारण 15 ते 30 मिनिटांनी पट्टा फुगतो, रात्री झोपेतही; त्यामुळे झोपमोड ठरलेली. पण रात्रीचं बीपी कळायला यापेक्षा चांगला उपाय नाही. झोपेत ते साधारण 10 ते 20 टक्के उतरायला हवं. न उतरणाऱ्यांच्या हृदयाला धोका जास्त. घरचे आणि दवाखान्यातले आकडे जुळत नसतील, तर ही तपासणी करून घ्यावी.

स्मार्टवॉचवरचं बीपी? निदानासाठी किंवा गोळी ठरवायला सध्या नको. नाडी अनियमित असणाऱ्यांनी मात्र दंडाचं यंत्र घेण्याआधीही डॉक्टरांशी बोलावं, कारण त्यांच्या बाबतीत ऑटोमॅटिक यंत्राचे आकडे दर वेळी वेगळे येऊ शकतात. आणि 180/120 च्या वर आकडा जाऊन छातीत दुखत असेल, धाप लागली असेल किंवा बोलणं अडखळत असेल, तर पुन्हा मोजत बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा.