सांगली की मिरज? घर बघण्याआधी दोन्हीकडं राहिलेल्या बाईचं ऐका

माझी भाची येत्या जूनमध्ये पुण्याहून इकडं राहायला येतेय. जावयांना कुपवाड एमआयडीसीत नोकरी लागली आहे. तिच्या सासूबाई सत्तरीच्या पुढं, त्यांना साखर आहे आणि गुडघ्यांनी तर पार जेरीस आणलंय. मुलगी चौथीला जाणार. भाचीचा फोनवर एकच धोशा: "मावशी, घर सांगलीत बघू की मिरजेत? तुला दोन्ही माहीत आहे."

बाहेरच्या माणसाला यात विचारण्यासारखं काय आहे असं वाटेल. दोन गावांत अंतर दहाएक किलोमीटर. 1998 पासून सांगली, मिरज, कुपवाड मिळून महापालिकाही एकच. मधल्या रस्त्यावर विश्रामबागेपासून पुढं घरांची रांग कुठं तुटतच नाही. पण मी लग्नानंतरची वीसपेक्षा जास्त वर्षं सांगलीच्या गावभागात काढली आणि 2019 नंतर मिरजेत आले. ही दोन वेगळी गावं आहेत. सकाळी वेगळ्या वेळी उठतात, वेगळ्या गोष्टींवर भांडतात आणि पावसाळ्यात वेगळी झोप झोपतात.

पावसाळ्यापासूनच सुरू करते, कारण माझ्या मते पन्नास टक्के निर्णय तिथंच होतो.

सांगलीत जुलै-ऑगस्टमध्ये लोक एकमेकांना "कसं काय?" विचारत नाहीत, "आयर्विनला किती फूट?" विचारतात. आयर्विन हा कृष्णेवरचा पूल, 1929 चा. त्याच्यावरच्या खुणांनी अख्खं गाव चालतं. 40 फुटांना इशारा पातळी, 45 फुटांना धोका पातळी. नवीन माणसाला कळत नाही ते हे की सांगलीत ऊन पडलेलं असतानाही पाणी चढतं. वर महाबळेश्वर-पाटण भागात पाऊस कोसळतो, कोयनेतून पाणी सुटतं, ते वाट काढत इथं येतं. इथं हरिपूरला वारणा येऊन मिळते, खाली नरसोबावाडीला पंचगंगा फुगलेली असते, त्यामुळं कृष्णेचं पाणी पुढं सरकत नाही, तुंबतं. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या पाण्यानं फुगवटा येतो का, यावर महाराष्ट्र-कर्नाटकात वर्षानुवर्षं वाद चाललाय. आमच्या दारात पाणी कुणामुळं आलं हे ठरायच्या आत ते दोनदा येऊन गेलं.

2005 ला पहिल्यांदा घाबरलो. तेव्हा लोक म्हणाले, असा पूर आयुष्यात एकदाच. मग 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विनला पाणी 57 फुटांच्या वर गेलं. मारुती चौक, टिळक चौक, शिवाजी मंडई, स्टँडचा भाग, कर्नाळ रोडच्या वसाहती, सगळं पाण्याखाली. आमचं घर दुसऱ्या मजल्यावर होतं, म्हणून सामान वाचलं. पण लाईट नाही, प्यायला पाणी नाही, खाली छातीभर गढूळ पाणी. तिसऱ्या दिवशी बोटीतून बाहेर पडलो आणि मिरजेत नणंदेकडं गेलो. तिथं दुकानं उघडी, मुलं रस्त्यावर क्रिकेट खेळत होती. दहा किलोमीटरवर. त्या दिवशी मला पहिल्यांदा जमिनीची उंची म्हणजे काय ते समजलं. पुन्हा 2021 च्या जुलैमध्ये गावभागात पाणी आलं, तेव्हा आम्ही मिरजेत होतो, पण शेजारच्या काकूंचा फोन आला की पोटात खड्डा पडायचा.

मिरजेत कृष्णाघाटाकडची वस्ती सोडली तर मूळ गावात नदीचं पाणी येत नाही. पावसात गटारी तुंबतात, रस्त्यांची चाळण होते, ती वेगळी तक्रार. पण सासूबाईंना उचलून बोटीत बसवायची वेळ येत नाही.

म्हणून भाचीला सांगितलं, सांगलीत बघायचंच असेल तर नदीकडच्या बाजूला तळमजला स्वस्त मिळाला तरी घेऊ नकोस. स्वस्त आहे त्याला कारण आहे. घर दाखवणाऱ्या एजंटला पुराबद्दल विचारू नकोस, कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराला नाहीतर गिरणीवाल्याला विचार: "2019 ला पाणी कुठवर होतं?" तो हातानं भिंतीवर दाखवील. मीटरची पेटी नव्यानं वर सरकवलेली दिसली की समजून घे. शामरावनगरसारख्या सखल भागात तर नदी गप्प असतानाही नुसत्या पावसाचं पाणी साचून राहतं, हेही लक्षात ठेव.

दवाखान्याच्या बाबतीत तुलनाच नाही, मिरज. विल्यम वॉनलेस या मिशनरी डॉक्टरांनी 1894 मध्ये इथं रुग्णालय उभं केलं आणि तेव्हापासून हे गाव औषधाच्या वासानंच वाढलं. 1962 ला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आलं. स्टेशनवर उतरलेल्यांत निम्मे लोक पेशंट नाहीतर पेशंटबरोबरचे असतात. कोकणातून, बेळगाव-विजापूरकडून, सोलापुरातून येतात. हाडांचे डॉक्टर, किडनीचे, कॅन्सरचे, एकेका रस्त्यावर पाट्याच पाट्या. गल्लीतल्या मेडिकलवाल्याला औषधाचं अर्धं नाव सांगितलं तरी कळतं. सांगलीतही सिव्हिल आहे, चांगली खासगी रुग्णालयंही आहेत, उपचारांवाचून कुणी अडत नाही. पण रात्री दोनला साखर उतरलेल्या म्हाताऱ्या बाईला घेऊन निघायचं असेल, तेव्हा पाच मिनिटं आणि वीस मिनिटं यांत फार फरक असतो. माझ्या सासऱ्यांच्या वेळी गावभागातून निघून आम्ही तीन ठिकाणी फिरलो. एका रुग्णालयात बेड रिकामा असूनही आधी पैसे भरा म्हणून दारातच थांबवलं. शेवटी मिरजेत आलो तेव्हा पहाट झाली होती. ते मी विसरलेली नाही.

प्रवासाचंही तसंच. मिरज हे जंक्शन. पुणे, कोल्हापूर, बेळगाव-लोंढा आणि पंढरपूर-कुर्डुवाडी, चारी दिशांना गाड्या. 2016 च्या एप्रिलमध्ये लातूरला पाण्याची रेल्वे गेली, ती इथूनच भरून. आमच्या घरातून रात्री गाड्यांची शिट्टी ऐकू येते, आता तिच्याशिवाय झोप लागत नाही. महालक्ष्मी एक्सप्रेस सांगलीलाही थांबते, त्यामुळं मुंबईला जायचं तर सांगलीकरांचं काही अडत नाही. पण भाचीच्या नवऱ्याला महिन्यातून दोनदा हुबळी-बेळगावकडं जावं लागणार आहे, त्याला मिरज सोयीची. कुपवाडला विश्रामबाग आणि मिरज दोन्हीकडून फार फरकानं जवळ-लांब नाही. गावभागातून मात्र गर्दी चिरत जावं लागतं. दोन्ही गावांमध्ये दिवसभर वडाप चालतं, तीन माणसांच्या रिक्षात सहा-सात जण. तरणी माणसं सवयीनं बसतात. सासूबाईंच्या गुडघ्यांना ते झेपणार नाही, आणि रात्री उशिरा मिळतही नाही.

आता सांगलीच्या बाजूनं बोलते, कारण माझा जीव अजून तिथंच अडकलाय.

शाळा-कॉलेजांचं पारडं सांगलीकडं झुकतं, नेमकं सांगायचं तर विश्रामबागेकडं. विलिंग्डन 1919 चं, वालचंद इंजिनिअरिंग 1947 चं. क्लासेस, अभ्यासिका, मुलींनी संध्याकाळी सायकलवर फिरावं असे रस्ते, सगळं त्या पट्ट्यात आहे. चौथीतल्या मुलीला आज त्याचं काही नाही. पण ती आठवीत गेल्यावर मिरजेतून रोज सांगलीला क्लासला पाठवायची का, याचा विचार भाचीनं आत्ताच करावा.

आणि नाटक. 1843 मध्ये विष्णुदास भाव्यांनी सांगलीच्या राजांपुढं मराठीतला पहिला नाट्यप्रयोग केला. म्हणून 5 नोव्हेंबरचा रंगभूमी दिन, आणि म्हणून भावे गौरव पदक इथं दिलं जातं. नाटककार गोविंद बल्लाळ देवल इथल्याच हरिपूरचे. हे सगळं बाहेरच्याला पुस्तकातलं वाटेल. पण भावे नाट्यमंदिरात हौशी स्पर्धेच्या वेळी जाऊन बस. मेडिकल रेप, बँकेतला कॅशियर, शाळेतली शिक्षिका, दिवसभर काम करून रात्री स्टेजवर उभे असतात. प्रेक्षकांतला भाजीवालाही सांगतो की दुसऱ्या अंकात दिवा उशिरा आला. हे मला मिरजेत मिळत नाही. बालगंधर्व नाट्यगृह आहे, प्रयोग होतात, पण गावाची नस ती नव्हे.

मिरजेची नस गाणं. दर्ग्याजवळच्या सतारमेकर गल्लीतून कधी दुपारी जा. सतारीसाठी मंगळवेढ्याकडून आलेले वाळलेले भोपळे माळ्यावर टांगलेले असतात, कुणी तार लावतोय, कुणी जवारी काढतोय, म्हणजे तारेखालची घोडी घासून स्वर नीट करतोय. एकाच स्वराला पंधरा मिनिटं घासत बसलेला माणूस बघितला की आपली घाई आपल्यालाच नकोशी होते. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. त्यानं कारागिरांच्या मुलांचं पोट भरेल का, हे मात्र अजून दिसायचंय. पुढची पिढी या धंद्यात यायला तयार नाही, असं तिथल्या प्रत्येक दुकानात ऐकू येतं. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब 1937 मध्ये गेले, त्यांची कबर ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात आहे. उरुसात त्यांच्या स्मरणार्थ देशभरातले गायक येऊन गातात, तिकीट नाही, सतरंजीवर बसायचं. नवरात्रात अंबाबाईच्या देवळातही तसंच. भाचीची मुलगी गाणं शिकते. माझ्या लेखी हा मुद्दा शाळेइतकाच मोठा आहे.

एक गोष्ट लपवणार नाही. 2009 च्या सप्टेंबरमध्ये गणेशोत्सवात एका कमानीवरून मिरजेत दंगल झाली, संचारबंदी लागली, त्याची झळ सांगली-कोल्हापूरपर्यंत गेली. आमच्या ओळखीतले काही जण आजही "मिरजेत राहता?" असं भुवया उंचावून विचारतात. मी रोज जे बघते ते असं: उरुसात पहिला गलेफ, म्हणजे कबरीवर घालायची चादर, चर्मकार समाजाचा असतो, आमच्या शेजारच्या आपा रमजानच्या महिन्यात खीर पाठवतात आणि गौरीच्या वेळी माझ्याकडच्या पुरणपोळ्या घेऊन जातात. अनंत चतुर्दशीची मिरवणूक चोवीस तासांच्या वर चालते, स्वागत कमानी उभ्या राहतात, गणेश तलावाकडं गर्दी मावत नाही. डॉल्बीचा आवाज मात्र दोन्ही गावांत सारखाच असह्य. घर मिरवणुकीच्या वाटेवर असेल तर त्या रात्री म्हाताऱ्या माणसांचं हाल बघवत नाही. कुठलंही गाव निवडलं तरी घर त्या वाटेपासून दोन गल्ल्या आत बघावं.

पिण्याच्या पाण्याबाबत दोन्ही गावं एकाच नावेत. शेरीनाल्याचं सांडपाणी सांगलीजवळ कृष्णेत मिसळतं, हा प्रश्न माझ्या लग्नाच्या आधीपासूनचा. प्रत्येक निवडणुकीत त्याच्यावर भाषणं झाली. मिरज तर नदीच्या खालच्या अंगाला. पाणी उकळून प्यायचं, पावसाळ्यात तर नक्की.

बाजार सांगलीचाच. हळद, बेदाणा, गूळ यांचे सौदे मार्केट यार्डात होतात, आणि हळदीच्या दिवसांत त्या रस्त्यानं गेलं तर साडीलाही वास लागतो. शिवाजी मंडईत कृष्णाकाठची वांगी, भडंगाच्या पिशव्या. मिरजेच्या लक्ष्मी मार्केटमध्ये भाजी चांगली मिळते, मराठीबरोबर कन्नड आणि उर्दूही कानावर पडते, पण सणाची खरेदी करायला माझे पाय आपोआप सांगलीकडं वळतात.

भाची म्हणाली, "मग विश्रामबागच घेऊ की, मधोमध." खरं आहे, जमीन चढती, शाळा जवळ, दोन्हीकडं जायला बरं. पैसे असतील आणि घरात सगळे धडधाकट असतील तर मीही तेच सांगितलं असतं. पण तिथली घरं महाग. तिच्या पैशांत तिथं चौथ्या मजल्यावरचा, लिफ्ट कधी चालणारी कधी बंद असा फ्लॅट येतोय. सत्तरीच्या गुडघ्यांना ते घर म्हणजे कोंडवाडाच. त्याच पैशांत मिरजेत पंढरपूर रोडला तळमजल्यावर दोन खोल्या जास्त, अंगणात पेरूचं झाड.

माझा कौल मिरजेला आहे, तिच्या सासूबाईंसाठी आणि नातीच्या गाण्यासाठी. मुलगी आठवीत गेली की विश्रामबागेचा विचार पुन्हा करावा. घर बदलायला चार वर्षं हातात आहेत, भाड्याचं घ्यावं, विकत घ्यायची घाई नको.

येत्या रविवारी ती येतेय. सकाळी विश्रामबागेतला फ्लॅट, दुपारी मिरजेतलं घर. मी सासूबाईंनाही घेऊन ये म्हटलंय. जिना त्यांनी स्वतः चढून बघावा, मग आपण बोलू.