तीनदा हब उघडला, तीनदा पैसे दिले, नट सुटतच राहिला

माझी एकच गाडी. सहाचाकी, मीच चालवतो. लासलगाव, पिंपळगावला कांदा भरायचा आणि वाशीला उतरवायचा, यावरच घर चालतं. गेल्या लाल कांद्याच्या सीझनला एका गॅरेजवाल्याने मला ३१,००० रुपयांना फसवलं. पैशांचं दुःख आहेच. पण नट सुटणाऱ्या त्या चाकावर भरल्या गाडीने मी कसारा घाट किती वेळा उतरलो, हे आठवलं की अजून झोप उडते.

सुरुवात तेलाने झाली. मागच्या डाव्या जोडीतल्या आतल्या टायरवर तेलाचे शिंतोडे दिसायला लागले. इगतपुरीला चहाला थांबलो तेव्हा हबला, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या मधल्या फिरत्या भागाला, हात लावला, चटकाच बसला. उजवा नुसता कोमट. जॅक लावून चाक हलवलं तर खडखड प्ले, म्हणजे चाक जागेवर ढिलं. हायवेवरच्या गॅरेजात गाडी लावली. "शेठ, नट ढिला होऊन बेअरिंग गेलंय," मिस्त्री म्हणाला. नट म्हणजे हब आणि बेअरिंग जागेवर धरून ठेवणारा. बेअरिंगची जोडी, ऑइल सील, ग्रीस, मजुरी धरून ९,५०० घेतले. नव्या बेअरिंगचे रिकामे डबे दाखवले. मी डबे बघितले, बेअरिंग बघितलं नाही. चूक झाली ती इथेच.

तीन आठवड्यांत पुन्हा तेच. या वेळी म्हणे नट डुप्लिकेट होता. नवा नट, नवा लॉक वायसर, आणखी एक बेअरिंग, ७,०००. महिनाही गेला नाही, तिसऱ्यांदा प्ले. आता म्हणाला, "हौसिंगचं टोक झिजलंय, झिजलेली जागा वेल्डिंगने भरून लेथवर मापात आणावी लागेल, दोन दिवस द्या." हौसिंगचं टोक म्हणजे बेअरिंग आणि हब ज्यावर बसतात तो ॲक्सलच्या नळीचा शेवट. मला त्याचं म्हणणं पटलं, कारण ते खरंच होतं. त्याला दुखणं पहिल्या दिवशीच कळलं होतं. १४,५०० देऊन घरी गेलो. परत आलो तेव्हा हब बंद करून चाक चढवून ठेवलं होतं.

चौथ्यांदा खर्डीजवळ जळका वास आला. कांदा दुसऱ्या गाडीत हलवला आणि तिथल्याच एका म्हाताऱ्या मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी गाडीखाली घोडी लावली, हब ओढला, टोक डिझेलने धुतलं आणि मला म्हणाले, "बाळा, इकडे ये. नख फिरव यावरून." नख अडकलं. बेअरिंग बसतं तिथे खोल चर पडला होता, आणि आतल्या रिंगखाली तेलाच्या डब्याचा पत्रा कापून गुंडाळला होता. पत्र्यावर डब्याचा पिवळा रंग तसाच. लेथचं काम झालंच नव्हतं. बेअरिंग तापून निळं पडलेलं, रोलरवर जुने खड्डे, आणि त्यावर कोरलेला नंबर माझ्याकडच्या डब्यावरच्या नंबराशी जुळत नव्हता. नट तर छिन्नीने ठोकून अडकवला होता.

मग त्यांनी समजावलं. हब दोन टेपर, म्हणजे निमुळत्या, बेअरिंगवर फिरतो, पण बेअरिंगची आतली रिंग टोकावर जागची हलता कामा नये. टोक झिजलं की ती रिंग हळूहळू फिरायला लागते आणि वायसरला ओढते. वायसरची जीभ टोकाच्या खाचेत असते, तिच्यामुळेच नट थांबून राहतो. माझ्या वायसरची जीभ तुटून सपाट झाली होती. मग नट कितीही आवळा, तो सुटणारच. आणि तो पुरता निघाला तर चाक, ड्रम, ॲक्सल, सगळं एकदम बाहेर येतं. चार टायरच्या त्या एका ॲक्सलवर कायद्यानेच ११.५ टन वजन चालतं. घाटात तसं चाक सुटून कोणाच्या अंगावर गेलं असतं तर?

त्यांनी हौसिंगचं टोक बदलून नवं बसवून घेतलं. नट आवळताना चाक दोन्हीकडे फिरवत राहिले, मग नट किंचित मागे घेतला, प्ले बघितला, आणि त्यानंतरच लॉक लावला. हे सगळं त्यांनी मला शेजारी उभं करून केलं. आजपर्यंत नट हललेला नाही.

पत्रा घेऊन मी त्या गॅरेजात गेलो. "गाडी जुनी आहे शेठ," एवढंच उत्तर मिळालं. माझ्यासारख्या एकच गाडी स्वतः चालवून पोट भरणाऱ्यालाही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगात दोन वर्षांच्या आत दाद मागता येते. पण माझ्याकडे होत्या तीन चिठोऱ्या, नाव नाही, सही नाही, सामानाचा नंबर नाही.

म्हणून कळकळीने सांगतो, नट दुसऱ्यांदा ढिला झाला तर बेअरिंगचे पैसे देण्याआधी टोक धुवायला लावा आणि त्यावरून स्वतः नख फिरवा. बेअरिंग डब्यातून तुमच्यासमोर काढू द्या, नंबर वाचा. काढलेलं जुनं सामान मागून घ्या, ते द्यायला टाळाटाळ झाली तर गाडी तिथे ठेवू नका. पक्कं बिल घ्या. आणि हब बंद होईपर्यंत तिथून हलू नका, कांदा एक दिवस उशिरा पोचला तरी चालेल.