गिम्पमधले कीबोर्ड शॉर्टकट : बदलायला सोपे, सांभाळायला अवघड

फोटोशॉपवर हात बसलेला माणूस गिम्प हा चित्रे संपादित करण्याचा मोफत प्रोग्राम उघडतो, तेव्हा त्याला अडचण येते ती चित्रे संपादित करण्याची नव्हे, तर बोटांच्या सवयीची. ब्रश मिळेल म्हणून ‘बी’ दाबावे, तर पाथ टूल हाती येते. सिलेक्शन, म्हणजे चित्राचा निवडलेला भाग, मोकळा करण्यासाठी कंट्रोल-डी दाबावे, तर अख्ख्या चित्राची दुसरी प्रत समोर उभी राहते. गिम्पमध्ये ब्रशसाठी ‘पी’ आहे आणि सिलेक्शन काढण्यासाठी कंट्रोल-शिफ्ट-ए. एवढ्यावरूनच वैतागून हा प्रोग्राम काढून टाकणारे बरेच असतात. मात्र त्यातले जवळपास सगळे शॉर्टकट आपल्याला बदलता येतात, आणि ही सोय स्वतंत्रपणे पारखून पाहण्याइतकी चांगली आहे.

एडिट मेन्यूत ‘कीबोर्ड शॉर्टकट्स’ हा पर्याय निवडला की एक खिडकी उघडते. तिच्यात वर शोधपट्टी असते आणि खाली गटागटांनी लावलेली क्रियांची लांबलचक यादी. हव्या त्या ओळीवर क्लिक केले की गिम्प नव्या शॉर्टकटची वाट पाहतो. तेव्हा कळा दाबायच्या, की काम झाले. असलेला शॉर्टकट काढायचा असेल, तर त्याच जागी बॅकस्पेस दाबावी. ओके नाही, अप्लाय नाही. हा साधेपणा मला मनापासून आवडला.

उदाहरणार्थ, फोटोंचा उजेड सुधारणाऱ्याला सतत लागणाऱ्या ‘कर्व्हज’ला २.१० आवृत्तीत मुळात कोणताही शॉर्टकट दिलेला नाही. फोटोशॉपप्रमाणे तेथे कंट्रोल-एम द्यायला गेल्यास गिम्प अडवतो आणि सांगतो की, हा शॉर्टकट आधीच ‘मर्ज व्हिजिबल लेयर्स’ (दिसणारे थर एकत्र करणे) या क्रियेकडे आहे, इकडे घेतला तर तिकडून जाईल. त्यानंतर निर्णय आपला. दोन क्रियांना नकळत एकच शॉर्टकट दिला जाण्याचा धोका यामुळे राहत नाही. मात्र कर्व्हज यादीत शोधताना नवखा माणूस हमखास चुकतो, कारण कामाच्या वेळी हा पर्याय ज्या कलर्स मेन्यूत दिसतो, त्या नावाखाली तो येथे नसून ‘टूल्स’ गटात बसवलेला आहे; उजेडाच्याच ‘लेव्हल्स’ या पर्यायाचेही तसेच. गट उलगडत बसण्यापेक्षा शोधपट्टीत नाव टाकणे केव्हाही शहाणपणाचे.

या सोयीचे खरे बळ मूळच्या कळा बदलण्यापेक्षा ज्यांना कळच नाही, त्या क्रियांना ती देण्यात आहे. गॉसियन ब्लर (चित्र धूसर करणे), चित्राचा आकार बदलणे, कॅनव्हासचे माप, इतकेच नव्हे तर वेगळे बसवलेले प्लगइन, म्हणजे जोड-प्रोग्रामसुद्धा यादीत येतात. उघडलेल्या मूळ फाइलवरच नवे चित्र लिहिणाऱ्या ‘ओव्हरराइट’चेच घ्या. २०१२ साली आलेल्या २.८ आवृत्तीपासून कंट्रोल-एसने फक्त गिम्पची स्वतःची एक्ससीएफ फाइल जतन होते, जेपेगसाठी एक्स्पोर्ट करावे लागते. ज्यांना रोज ढीगभर जेपेग किरकोळ दुरुस्त करून त्याच नावाने ठेवायचे असतात, त्यांचे ‘ओव्हरराइट’ला शॉर्टकट दिल्यावर निम्मे श्रम वाचतात. अर्थात मूळ फोटोची प्रत आधी बाजूला काढून ठेवलेली असावी, हे वेगळे सांगायला नको. एका शॉर्टकटने पाच-सहा क्रिया ओळीने करून घ्यायच्या असतील, तर मात्र निराशा पदरी पडते, कारण फोटोशॉपच्या ‘ॲक्शन्स’सारखी क्रिया नोंदवून ठेवण्याची सोय गिम्पमध्ये नाही.

निमंत्रणपत्रिका, फलक किंवा दिवाळी अंकाच्या जाहिराती करणाऱ्या मराठी माणसाला आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. इनस्क्रिप्ट या देवनागरी कीबोर्डवर मजकूर टाइप करून झाला आणि भाषा पुन्हा इंग्रजी करायची राहिली, तर ‘बी’च्या कळीतून ‘व’ बाहेर पडतो, आणि एकेका अक्षराचे शॉर्टकट बरेचदा प्रतिसाद देत नाहीत. एफ-पाच, एफ-सहा यांसारख्या फंक्शन कळांना भाषेशी काही देणेघेणे नसते. म्हणून मजकूर आणि चित्र यांत सतत ये-जा करणाऱ्याने आपल्या नेहमीच्या क्रिया त्यांच्यावर बसवाव्यात, असे मी आग्रहाने सुचवीन.

आता उणिवा. आपण नेमके कोणते शॉर्टकट बदलले, तेवढेच दाखवणारी यादी कोठेही नाही. फोटोशॉपमध्ये शॉर्टकटचे संच वेगवेगळ्या नावांनी जतन करता येतात आणि ‘समराइझ’ या बटणाने सगळी यादी छापण्याजोग्या स्वरूपात मिळते. गिम्पच्या खिडकीत यातले काही नाही. प्रेफरन्सेसमध्ये सगळे शॉर्टकट मूळपदावर आणणारे बटण आहे खरे, पण ते सरसकट सगळेच पुसते. घरातल्या एकाच संगणकावर दोघे काम करत असतील आणि दोघांच्या सवयी निराळ्या असतील, तर रोजचा वाद ठरलेला.

फोटोशॉपच्या सगळ्या कळा जशाच्या तशा गिम्पमध्ये आणण्याचा मोह आवरावा, असे माझे मत आहे. दोन्हींची रचना वेगळी असल्याने एक शॉर्टकट हलवला की दुसरा विस्थापित होतो, आणि इंटरनेटवरचे गिम्पचे धडे मग आपल्या पडद्याशी जुळत नाहीत. रोज लागणारे आठ-दहा शॉर्टकट बदलावेत, बाकीच्यांसाठी २.१० पासून मिळालेली तिरप्या रेघेची कळ वापरावी. ती दाबून क्रियेचे नाव टाइप केले की काम भागते.

जमवलेले शॉर्टकट दुसऱ्या संगणकावर न्यायचे असतील, तर फाइल हातानेच उचलावी लागते. २.१० मध्ये ती ‘मेन्यूआरसी’ या नावाने, तर मार्च २०२५ मध्ये आलेल्या ३.० मध्ये ‘शॉर्टकट्सआरसी’ या नावाने आपल्या गिम्पच्या फोल्डरमध्ये असते. ती चिकटवण्यापूर्वी तेथला गिम्प पूर्ण बंद करावा, कारण बंद होताना तो आपल्याकडचे शॉर्टकट पुन्हा लिहितो आणि नुकतीच आणलेली फाइल पुसली जाते.