गेटवे, नेकलेस की चौतिसावा मजला?

मुंबईत ‘या वेळी जरा चांगल्या हॉटेलच्या बारमध्ये बसू’ असं ठरलं की चर्चा दोन मिनिटांत व्ह्यूवर येते. समुद्र दिसतो का, कितवा मजला, फोटो कसे येतात. त्यात चूक काही नाही, पण समुद्राचा व्ह्यू ही अंधार पडेपर्यंतचीच चैन आहे. त्यानंतर उरते ती खुर्ची, आवाज, समोरचा पेला आणि सोबतचं माणूस. म्हणून बार निवडताना मी आधी दोन गोष्टी विचारते: तुम्ही किती वाजता पोचणार, आणि बोलायला जाताय की बघायला?

तुलनेसाठी तीन ठिकाणं घेते. कुलाब्याच्या ताज महाल पॅलेसमधला हार्बर बार, नरिमन पॉइंटच्या ‘द ओबेरॉय’मधला ओ बार आणि वरळीच्या फोर सीझन्सच्या ३४व्या मजल्यावरचा एअर. तिन्ही महाग. कॉकटेल हजाराच्या आत मिळेल ही आशा तिन्हीकडे सोडून द्यायची.

हार्बर बारबद्दल एक गोष्ट लोक विसरतात, आणि मग तिथे जाऊन हिरमुसतात. ताज पूर्वेकडे तोंड करून उभं आहे. समोर बंदर आहे, अरबी समुद्राचं पश्चिमेचं क्षितिज नाही. सूर्य तुमच्या पाठीमागे, शहराच्या पलीकडे मावळतो. ‘ताजमध्ये बसून सूर्यास्त बघू’ असा बेत करून तिथे जाणाऱ्याला फक्त हळूहळू राखाडी होणारं पाणी दिसतं. पण दिवे लागल्यावर तीच खिडकी मुंबईतली सगळ्यात देखणी खिडकी होते. उजळलेला गेटवे, धक्क्यावरच्या बोटी, आणि रात्री उशिरापर्यंत न हटणारी पर्यटकांची गर्दी. हॉटेल १९०३ मधलं, गेटवे १९२४ मधला आणि बार १९३३ पासूनचा. म्हणजे हॉटेल आधीचं आणि कमान नंतरची, हे माहीत असलं की खिडकीतलं दृश्य थोडं वेगळं दिसायला लागतं.

हा मुंबईतला पहिला परवाना मिळालेला बार अशी त्याची ख्याती आहे आणि ताज ती मिरवतंही. मेनूवर त्याच सालाच्या नावाचं एक कॉकटेल आहे, ‘फ्रॉम द हार्बर सिन्स १९३३’. जिनचं पेय आहे आणि ज्वाळेसकट पेश होतं. एकदा घ्यायला हरकत नाही, पाहुणे खूश होतात. पण दुसरा पेला मागवताना मात्र साधा, जुना प्रकार मागावा. नेग्रोनी, ओल्ड फॅशन्ड किंवा मार्टिनी. असल्या दोन-तीन घटकांच्या पेयांत लपवायला काही नसतं. मार्टिनी पुरेशी गार नसेल, तर बाकीच्या मेनूबद्दलही तुम्हाला बरंच कळून जातं. ही परीक्षा कुठल्याही बारला लावा.

इथे मोठा घोळका नेऊ नका. दोघं, तिघं, फार तर चौघं. वडिलांच्या निवृत्तीची संध्याकाळ, खूप वर्षांनी परदेशातून आलेला मित्र, किंवा ज्याच्याशी खरंच बोलायचं आहे असा कुणी, यांच्यासाठी ही जागा आहे. आणि पावसाळ्यात तर हीच. जून ते सप्टेंबर बंदरावर कोसळणारा पाऊस काचेआडून बघण्यासारखी दुसरी करमणूक या शहरात कमी आहे.

घरातलं कुणी पीत नसेल, बारमध्ये बसायचाच संकोच असेल, तर त्याच इमारतीत सी लाउंज आहे. चहा, सँडविच, चाट आणि समोर तोच समुद्र. किती तरी घरांतली लग्नं तिथल्या टेबलांवर ठरली आहेत, असं जुने मुंबईकर सांगतात. कांदेपोहे नाहीत, शेवपुरी आहे, एवढाच फरक.

ओ बारचं गणित उलटं आहे. नरिमन पॉइंटच्या टोकाला, काचेपलीकडे बॅक बे. सूर्य उघड्या समुद्रात बुडतो. हिवाळ्यात तो डावीकडे असतो आणि उन्हाळ्यात मलबार हिलच्या बाजूला सरकतो. डिसेंबरच्या सुरुवातीला तो सहाच्या सुमारासच बुडतो, जूनअखेर सव्वासात होतात. हा सव्वा तासाचा फरक धरूनच टेबल सांगा. हिवाळ्यात सातचं बुकिंग करून सूर्यास्ताची वाट बघण्यात अर्थ नाही. सूर्य गेल्यावर मरीन ड्राइव्हचे दिवे लागतात, म्हणजे ज्याला ‘क्वीन्स नेकलेस’ म्हणतात ती माळ उजळते, आणि म्हणून इथे अंधाराने फारसं नुकसान होत नाही. आधी सूर्य, मग नेकलेस, असे दोन खेळ एकाच तिकिटात. (२०१५ साली तिथले पिवळे दिवे काढून पांढरे एलईडी लावले तेव्हा मुंबईकरांनी केलेली ओरड मला पूर्ण पटली होती. पांढरा नेकलेस म्हणजे ट्यूबलाइटची माळ.)

ओ बारचा सूर मात्र हॉटेलच्या लॉबीचा आहे. शांत, नीटनेटका, इस्त्री केलेला. संध्याकाळी जॅझचं वादन असतं, आवाज बेताचा. आजूबाजूला लॅपटॉप नुकताच मिटलेली मंडळी दिसतात. कुणाला हे वातावरण कोरडं वाटतं आणि त्यांचं अगदीच खोटं नाही. पण व्यवसायातल्या माणसाला भेटायचं असेल, किंवा पहिल्यांदाच भेटणाऱ्या दोघांना एकमेकांचं बोलणं ऐकू यायला हवं असेल, तर मी हार्बर बारच्याही आधी ओ बार सांगेन. जेवायला बाहेर पडावं लागत नाही. त्याच हॉटेलात इटालियनसाठी वेट्रो आहे आणि भारतीय जेवणासाठी झिया. एक पेला इथे, जेवण तिथे, हा खिशालाही थोडा बरा मार्ग.

आता एअर. ज्यांना ‘बार’ म्हटल्यावर मोकळं आकाश, संगीत आणि खाली पसरलेलं शहर डोळ्यांसमोर येतं, त्यांनी वरचं सगळं विसरून सरळ वरळी गाठावी. चौतिसाव्या मजल्यावरून रेसकोर्सची हिरवी चकती, त्यापलीकडे समुद्र आणि सगळीकडे अर्धवट उभे टॉवर दिसतात. मुंबई किती वेगाने उंच होते आहे हे इथून एका नजरेत कळतं. हार्बर बारला जुनी मुंबई दिसते, एअरवरून आजची.

पण एअरवर एकाच संध्याकाळी दोन वेगळे बार असतात. उजेड असेपर्यंत तो निवांत गच्ची आहे. वारा सुटलेला, गप्पा मारता येतात, घरच्या ज्येष्ठांनाही नेता येईल. रात्र चढली की, विशेषतः शुक्रवार-शनिवारी, तो डीजेच्या ताब्यात जातो. आवाज वाढतो, माणसं उभी राहतात, बाजूच्याला सांगायची गोष्ट ओरडून सांगावी लागते. वाढदिवस, कंपनीतल्या सहकाऱ्यांची पार्टी, चाळिशीच्या आतला घोळका यांच्यासाठी हेच उत्तम. आई-बाबांच्या लग्नाच्या तिसाव्या वाढदिवसाला नऊ वाजता तिथे नेणं म्हणजे त्यांचे हाल करणं. पावसाळ्यात आणि शनिवारी फोन करून विचारा: कुठली बाजू उघडी आहे, प्रवेशाला काही वेगळे पैसे आहेत का, टेबल किती वाजेपर्यंत तुमचं. मे महिन्यात सूर्य बुडायच्या आत वर जाऊ नका. घामाने डबडबून फोटो चांगले येत नाहीत.

एकाच पेयासाठी माझं मत एअरला नाही. उंचीवरच्या गर्दीच्या बारमध्ये हलकं, लांब ग्लासातलं काही मागवावं. जिन-टॉनिक, स्प्रिट्झ. बारीक चवीचं कॉकटेल वाऱ्यात आणि गोंगाटात अर्धं वाया जातं.

लोअर परळला कुणाला सोयीचं असेल तर सेंट रेजिसही आहे, जुन्या फिनिक्स मिलच्या आवारात. या साखळीच्या न्यूयॉर्कच्या हॉटेलात १९३४ मध्ये ब्लडी मेरी (टोमॅटोच्या रसातलं तिखटसर कॉकटेल) मेनूवर आली असं ते सांगतात, आणि प्रत्येक शहरातल्या सेंट रेजिसची आपली वेगळी ब्लडी मेरी असते. टोमॅटो आणि तिखट आवडणाऱ्या मराठी जिभेला ती बहुतेक कॉकटेलांपेक्षा लवकर पटते, हा अनुभव.

बिलाचं आधीच बघून घ्या, कारण मेनूवरचा आकडा आणि हातात येणारा आकडा यांत बरंच अंतर असतं. दारू जीएसटीत येत नाही. तारांकित हॉटेलात तिच्यावर राज्याचा व्हॅट २० टक्के लागतो आणि अशा महागड्या हॉटेलांत खाण्यावर जीएसटी १८ टक्के. समजा दोघांनी मिळून प्रत्येकी पंधराशेची चार कॉकटेलं घेतली आणि दोन हजारांचं खाल्लं. मेनूप्रमाणे आठ हजार. करासकट दारूचे ७,२०० आणि खाण्याचे २,३६० धरून होतात ९,५६०. वर सेवाशुल्क लावलेलं असेल तर ते ऐच्छिक आहे, काढायला सांगता येतं. मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही ते सक्तीचं करता येणार नाही, असंच म्हटलं. सेवा चांगली असेल तर ती रक्कम वेटरच्या हातात द्या.

घोळक्यात तरुण मंडळी असतील तर वय तपासा. महाराष्ट्रात बिअर आणि वाइनला २१ पूर्ण लागतात, कडक दारूला २५. म्हणजे तेवीस वर्षांच्या भाचीला कॉकटेल कायद्याने मिळत नाही, आणि ओळखपत्र मागितलं तर रुसायचं नाही. तारीखही बघा. आषाढी एकादशी, अनंत चतुर्दशी, २ ऑक्टोबर आणि मतदानाच्या आसपासचे दिवस कोरडे असतात. गणपतीत मित्र परदेशातून येतो आणि बेत नेमका विसर्जनाच्या दिवशी ठरतो, हे नेहमीचं.

कपड्यांचं तिन्हीकडे सारखंच: पुरुषांनी हाफपँट आणि चपला घरी ठेवाव्यात. सूट लागत नाही, पूर्ण बाह्यांचा साधा शर्ट आणि बूट पुरतात. दारात बॅग तपासतात, तेवढा वेळ हातात ठेवा.

गाडी न्यायचीच नाही. रक्तात १०० मिलिलिटरमागे ३० मिलिग्रॅम ही मर्यादा एखाद-दुसऱ्या पेल्यात ओलांडली जाते आणि पहिल्या गुन्ह्याला १०,००० रुपये दंड, तुरुंगवास किंवा दोन्ही. जाताना ऑक्टोबर २०२५ पासून कफ परेडपर्यंत धावणारी भुयारी मेट्रो बरी. ओ बारसाठी विधान भवन स्थानकावर उतरा. मात्र मेट्रो रात्री लवकर थांबते, तेव्हा परतीचा टॅक्सीचा खर्च बेतात धराच. ठाण्या-डोंबिवलीहून येणाऱ्यांनी कुलाबा निवडला तर हा खर्च एका कॉकटेलाएवढा होऊ शकतो.

एकच संध्याकाळ असेल आणि पाहुणा मुंबईबाहेरचा असेल, तर मी सूर्यास्त ओ बारला आणि दुसरा पेला हार्बर बारला असा बेत सांगेन. टॅक्सीने जवळच आहे. घोळका तरुण असेल तर एअर, मे महिना सोडून सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी पोचून, कठड्याजवळचं टेबल आधी सांगून.