पिकोस दे एउरोपा: मुक्काम कांगास दे ओनीसला की पोतेसला?

उत्तर स्पेनमधले पिकोस दे एउरोपाचे डोंगर बघायचं ठरलं की मुक्कामासाठी दोन गावं समोर येतात: आस्तुरियासमधलं कांगास दे ओनीस आणि कांताब्रियातलं पोतेस. मी दोन्हीकडे राहिलोय. नकाशावर ती जवळ वाटतात, पण मधे डोंगर आणि वळणांचे रस्ते. एकीकडे राहून दुसरी बाजू निवांत बघणं अवघडच.

इतिहासाची ओढ असेल तर कांगास सरस आहे. जवळच्या कोवादोंगाला इ.स. ७२२ च्या सुमारास पेलायो या सरदाराने मुस्लिम फौज परतवली आणि आस्तुरियासचं राज्य उभं राहिलं. त्याची म्हणून दाखवतात ती समाधी तिथल्या कड्यातल्या गुहेत आहे. मला मात्र जास्त भावलं ते गावातलं सांता क्रूसचं लहानसं चर्च. पेलायोचा मुलगा फाविला याने ते ७३७ मध्ये बांधलं, तेही अश्मयुगीन दफनशिळांवर. आजची वास्तू विसाव्या शतकातल्या स्पेनच्या यादवी युद्धानंतरची आहे, पण खालच्या त्या शिळा अजून बघता येतात. शिवाय संध्याकाळी बाटली डोक्यावर उंच धरून ग्लासात सायडर, म्हणजे सफरचंदाची दारू, ओतणारे वाढपी आहेतच. आस्तुरियासच्या या सायडर संस्कृतीला २०२४ मध्ये युनेस्कोची मान्यताही मिळाली.

माझं मन पोतेसकडे वळलं ते तळ्यांमुळे. कोवादोंगाच्या वर एनोल आणि एर्सिना ही दोन तळी आहेत, आणि बहुतेक लोक कांगासला येतात ते त्यांच्यासाठीच. उन्हाळ्यात दिवसा खासगी गाड्यांना वर बंदी असते, म्हणजे बस आली, रांग आली. डोंगराच्या भल्यासाठी हे योग्यच आहे. पण समुद्र जवळ. तिकडून येणारी दमट हवा याच उतारांना अडते आणि तळी धुक्यात बुडतात. खाली लख्ख ऊन बघून निघालो, वर उतरलो तर गाईंच्या गळ्यातल्या घंटा तेवढ्या ऐकू येत होत्या. तळं दहा पावलांवर असूनही दिसेना. पुन्हा गेलो तेव्हाही तेच. कदाचित माझे दिवसच वाईट असतील, पण चार दिवसांच्या सहलीत असा एक दिवस गेला की फार लागतं.

पोतेस ज्या लिएबाना खोऱ्यात आहे, त्याला डोंगरांचा आडोसा मिळतो. हवा कोरडी, उतारांवर द्राक्षमळे. याच खोऱ्यातल्या फुएन्ते दे इथला रोपवे मधे एकही खांब न घेता साधारण चार मिनिटांत ७५३ मीटर चढतो आणि १,८२३ मीटरवर सोडतो. तिथे ढग बरेचदा पायाखाली असतात. ऑगस्टमध्ये इथेही रांग लागते, वारा वाढला तर रोपवे बंद राहतो, हे खरं. पण वर पोचलात की आलिवाच्या कुरणांतून चालत खाली यावं. असं चालणं मला कांगासच्या बाजूला मिळालं नाही. सांतो तोरिबिओचा मठ आणि लेबेन्याचं दहाव्या शतकातलं चर्च जवळच आहे.

जेवणात फारसा फरक नाही. पोतेसचा कोसिदो (हरभऱ्यांचा रस्सा) काय, कांगासकडची फाबादा (पांढऱ्या घेवड्याचा रस्सा) काय, दोन्हींत डुकराचं मांस असतं. शाकाहारी मंडळींनी चीज, ब्रेड, सॅलडची तयारी ठेवावी.

पहिल्यांदाच जात असाल तर मी पोतेसला तीन रात्री सुचवेन, आणि पुढे ओविएदोकडे जाताना कांगासला एक. गुहा आणि चर्च धुक्यातही बघता येतात. तळ्यांचं त्या सकाळी वर आकाश कसं आहे ते विचारून ठरवा.